पाकोळीच्या पंखांवर डाळिंबे

पतंगावर चित्रे काढणे हा कुणाचा व्यवसाय असू शकतो, यावर माझा स्वतःचाही बराच काळ विश्वास नव्हता. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी “तुम्ही काय करता?” असे विचारले, की मी “जरा चित्रकलेचं” एवढेच पुटपुटून वाढलेल्या पानाकडे पाहू लागे. एकदा मात्र माझ्या नणंदेने समोरच्या ओळीतून आवाज दिला, “अगं वहिनी, खरं सांग ना! पतंग रंगवते ही. तेही चिनी!” पंगतीतल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या. एका गृहस्थांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, “चिनी पतंग म्हणजे? चायनीज भेळेसारखं काही?”

त्यांना उत्तर देण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नाही. हा लेख म्हणजे काही अंशी त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे. पण मुख्यतः मला लिहायचे आहे ते मंदाताई खैरनार यांच्याविषयी. मोठ्या आजारातून उठलेल्या या बाई माझ्याकडे एक पतंग मागायला आल्या, तो उडवण्यासाठी नव्हे, तर आजारासकट कायमचा सोडून देण्यासाठी. पतंग मी रंगवला. तो सोडायचा कुठे आणि पडायचा कुणाच्या अंगणात, हे मात्र माझ्या कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. एम.ए. झाल्यावर एका महाविद्यालयात शिकवू लागले आणि एका सत्रानंतर थांबले. वर्ग भरलेला दिसला, की माझा आवाज घशातच राही. पुढची बरीच वर्षे घरी बसून मुद्रितशोधनाचे काम केले. त्यात कुणाकडे पाहावे लागत नाही, आणि मला ते मनापासून आवडे. पन्नाशी उलटल्यावर मुलांसाठीच्या एका ज्ञानकोशाची मुद्रिते माझ्याकडे आली. त्यात ‘पतंग’ या नोंदीत दोन वाक्यांत चीन उरकलेला होता. पतंगाचा उगम तेथे झाला आणि तेथे त्याचा युद्धात उपयोग करीत, एवढेच. माझे काम ऱ्हस्वदीर्घ पाहण्याचे. परंतु त्या दोन वाक्यांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. मी वाचू लागले.

एका प्राचीन विचारवंताने दीर्घकाळ खपून लाकडाचा पक्षी घडवला, तो एकच दिवस उडाला आणि मोडला, अशी तिकडची आख्यायिका आहे. पुढे कागद हाताशी आला, लाकूड मागे पडले आणि पतंगाला ‘कागदी घार’ असे नाव मिळाले. वेढ्यात अडकलेल्या नगरातून पतंगाच्या साहाय्याने निरोप धाडल्याच्या कथा आहेत. नंतर कुणीतरी पतंगाला बांबूची शिट्टी बांधली. तिच्यातून वाहणारा वारा एखाद्या तंतुवाद्यासारखा वाजू लागला, आणि आज तेथे पतंगाला जे नाव आहे, त्याचा अर्थही ‘वाऱ्याचे वाद्य’ असाच सांगतात. युद्धापासून वाद्यापर्यंतचा हा प्रवास वाचून मला फार बरे वाटले. सगळ्याच वस्तूंच्या नशिबी तो नसतो.

वाचनातच मला पाकोळी भेटली. पाकोळी म्हणजे वळचणीला मातीचे घरटे बांधणारा, दुभंगलेल्या शेपटीचा छोटा पक्षी. उत्तर चीनमध्ये या पक्ष्याच्या आकाराचे पतंग करतात आणि त्यांचे अख्खे कुटुंब असते. लठ्ठ पाकोळी म्हणजे पुरुष, सडपातळ पाकोळी म्हणजे स्त्री, आखूड पंखांची गोंडस पाकोळी म्हणजे मूल. डोळे, चोच, छातीवरची पिसे हे सारे ठरलेले असते. पंखांच्या पोटात मात्र चित्रकाराने काय भरावे, याला मोकळीक असते. कुणी कमळे काढतो, कुणी मासे, कुणी वटवाघळे. वटवाघूळ तिकडे शुभ मानतात. मी पहिल्या पतंगावर हौसेने वटवाघळे काढली, तेव्हा आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, “चित्र सुंदर आहे हो, पण आमच्या दारावरून नेताना जरा उलटं धरा.”

मी चित्रकला शिकलेली नाही, आणि चीनही पाहिलेला नाही. दोन्ही गोष्टी आता होण्यासारख्या नाहीत, याची थोडी रुखरुख आहे. सांगाडा बांधणे तर माझ्या हाताला जमलेच नाही. म्हणून मी आमच्या नाशिकच्या भद्रकाली भागातल्या सलीमभाईंकडे, पतंग बनवणाऱ्या कारागिराकडे, गेले. त्यांच्या घरात आजोबांपासून पतंग होतात. संक्रांतीच्या तोंडावर त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी गेले ते ऐन उन्हाळ्यात, सोबत पाकोळीचे चित्र घेऊन.

“बाई, हे पाखरू आहे का पतंग?” त्यांनी विचारले.

“दोन्ही.”

“आणि उडतं?”

“तिकडे उडतं.”

“तिकडची हवा बी चिनी असंल,” ते म्हणाले. पण तोवर त्यांच्या हाताने बांबूची कामटी वाकवून पाहायला सुरुवात केली होती.

चिनी परंपरेत पतंगाची चार कामे मानतात. सांगाडा बांधणे, त्यावर कागद वा रेशीम चिकटवणे, रंगवणे आणि उडवणे. यांपैकी केवळ तिसरे काम माझे, आणि बाहेरून वाटते तितके ते निवांत नाही. कागदावर आधी तुरटी आणि सरस यांचे पातळ पाणी फिरवावे लागते, नाहीतर रंग टिपकागदावर पसरावा तसा पसरतो. रंगही पातळच हवेत. रंगाला वजन असते, ही गोष्ट भिंतीवर चित्र लावणाऱ्याला आयुष्यात कधी कळत नाही. पतंगाला ती तत्काळ कळते. आमच्या पहिल्या पाकोळीच्या डाव्या पंखातले कमळ मला फार आवडले, म्हणून मी त्याला पुन्हा पुन्हा रंग देत राहिले. गोदाकाठच्या मैदानात ती वर चढली आणि सतत डावीकडे गिरक्या घेत खाली आली. सलीमभाईंनी कन्नी, म्हणजे पतंगाच्या छातीला बांधतात ती दोऱ्याची जोडगाठ, तीनतीनदा बदलली. मी वाऱ्याला दोष दिला. अखेर त्यांनी पतंग मधोमध बोटावर तोलून धरला आणि तो संथपणे डावीकडे कलंडला.

“बाई,” ते हसू दाबत म्हणाले, “एका फुलावर एवढा जीव नका लावू.”

तेव्हापासून मी उजव्या पंखावर कुंचला टेकवला, की तितकाच डावीकडे टेकवते. आवडनिवड मनात ठेवते.

हळूहळू गिऱ्हाइके येऊ लागली. निफाडकडच्या एका तरुणाची शहरात चायनीजची गाडी होती. त्याला गाडीवर टांगायला ड्रॅगन हवा होता. मी त्याला चित्रे दाखवली. चिनी ड्रॅगनचे डोके आणि मागे गोमेसारखी चकत्यांची लांबच लांब रांग असते, असे समजावले. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा पडत चालला होता.

“मॅडम, एवढा रागीट नको. जरा हसरा करा. लहान पोरं येतात मंचुरियन खायला.”

“पण ड्रॅगन हसत नाही.”

“आपल्या गाडीवर हसेल ना. आपण मालक आहोत.”

मी हसरा ड्रॅगन काढला. इतिहासाच्या पदवीला ते शोभण्यासारखे नव्हते. परंतु त्या गाडीवरून जाताना मी अजूनही मान वर करून त्याच्याकडे पाहते, आणि दरवेळी मला तो आवडतो.

दुसरा प्रश्न नेहमीचाच. चिनी पतंग म्हटले, की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण आपल्याकडे त्या देशाचे नाव गळे कापणाऱ्या नायलॉनच्या मांजाला चिकटले आहे. तो धागा चीनच्या पतंगपरंपरेतला नाही, हे सांगण्यातच माझी निम्मी शक्ती खर्ची पडते. मी केवळ साध्या सुती दोऱ्याचे पतंग करते. ते कुणाचा पतंग कापू शकत नाहीत. येवल्याच्या एका पट्टीच्या पतंगबाजांनी ही गोष्ट ऐकून माझ्याकडे फार करुणेने पाहिले होते.

बोलण्याचे संकट मला कुंचल्याने टाळता आले. वाचनालये आणि शाळा बोलावू लागल्या, तेव्हा मी एक अट घातली. बोलताना मी पतंग रंगवत बसेन. पाहणाऱ्यांचे डोळे हातावर असले, की माझा आवाज निघतो. अशाच एका प्रात्यक्षिकात, सिडकोतल्या एका लहानशा वाचनालयात, मी तिकडच्या एका जुन्या प्रथेविषयी सांगितले. वसंतात पूर्वजांच्या स्मरणाचा एक सण येतो. त्या सुमारास लोक पतंग उंच चढवतात आणि मग स्वतःच्या हाताने दोरा कापून टाकतात. घरातले आजार, इडापिडा त्या पतंगाबरोबर निघून जाते, अशी समजूत. काही जण तर आजाराचे नावही पतंगावर लिहीत. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि पांगले.

एक बाई तेवढ्या थांबल्या. डोक्याला सुती रुमाल, त्याखाली नुकतेच उगवू लागलेले करडे केस. मागे हेल्मेट हातात धरून त्यांचे यजमान उभे होते.

“मी मंदा खैरनार,” त्या म्हणाल्या. “माझी केमो आत्ता संपली. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत. मला तसा एक पतंग करून द्याल का? कापून टाकायचा.”

“हिच्या डोक्यात काहीतरी बसलं, की संपलं,” यजमान मला म्हणाले. अशोकराव अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. “औषधानं बरी झाली ना तू? मग पतंग कशाला?”

“औषधानं आजार गेला. भीती कुठं गेली?” मंदाताई म्हणाल्या. “रात्री पाठ दुखली तरी वाटतं, आलं परत. तुम्ही घोरत असता.”

अशोकरावांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

मंदाताई पुढच्या आठवड्यात माझ्या घरी आल्या. मी सडपातळ पाकोळीचे चित्र पुढे केले आणि ही स्त्रीची, असे सांगितले. त्यांनी ते बाजूला सारले.

“बारीक तर मी झालेच आहे. मला ही जाडी द्या.”

“ती पुरुषाची आहे.”

“असू द्या. वर्षभर यांनीच पोळ्या लाटल्या. नकाशे व्हायचे, पण लाटल्या. आता मी पुरुष झाले तर काय बिघडलं?”

पंखांत काय काढायचे, यावर त्यांनी बराच विचार केला. वटवाघळे त्यांनी ऐकताच नाकारली. शेवटी म्हणाल्या, “डाळिंबं काढता येतील? माझं माहेर सटाण्याकडचं. वडिलांची बाग होती. तेल्या रोगानं गेली. चित्रातल्याला काही तेल्या येत नाही ना?”

चीनमध्येही डाळिंब शुभ मानतात, भरल्या घराचे चिन्ह समजतात, हे मी त्यांना सांगितले. आजाराचे नाव कुठे लिहू, असेही विचारले.

“नको. त्याचं नाव माझ्या डाळिंबाशेजारी नको.”

सगळे ठरले असे वाटत असतानाच, चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारले, “मॅडम, एक सांगा. तो कापलेला पतंग कुणाला सापडला तर?”

इतक्या प्रात्यक्षिकांत हा प्रश्न मला कुणीही विचारलेला नव्हता. उत्तर मात्र मला ठाऊक होते, आणि माहीत असलेली गोष्ट दडवणे माझ्याने होत नाही. दुसऱ्याचा सोडलेला पतंग उचलू नये, असा तिकडे जुना संकेत होता. उचलणाऱ्याच्या घरी ती पीडा जाते, असे मानत.

मंदाताईंनी खाली ठेवलेला कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, “आपल्याकडं तर पतंग गुल झाला, की अख्खी गल्ली पळत सुटते.”

हीच खरी अडचण होती. ज्या प्रथेत सोडलेल्या पतंगाला कुणी हात लावायचा नाही, ती आम्ही अशा मुलखात आणत होतो, जिथे तुटलेला पतंग हा लुटीचा माल असतो आणि तो मिळवण्यासाठी माणसे गच्च्यांवरून गच्च्यांवर उड्या मारतात. मंदाताईंना आपली भीती सोडायची होती, पण ती कुणाच्या तरी लेकराच्या हाती पडू द्यायची नव्हती. मी त्यांना ही केवळ समजूत आहे, असे म्हणू शकले असते. परंतु पतंगाने आजार जातो, ही समजूत आणि उचलणाऱ्याला तो लागतो, हीही समजूत. त्यांतली एक सोयीची म्हणून ठेवायची आणि दुसरी टाकायची, हे मला इतिहासाच्या विद्यार्थिनीला प्रामाणिकपणाचे वाटेना.

तरी पतंग आम्ही करायला घेतला. सलीमभाईंना मी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “आमची भाभी बी याच दुखण्यानं गेली. कामटी मी निवडून लावतो.” त्यांनी सांगाडा इतका हलका बांधला, की तळहातावर ठेवला तरी पंख्याच्या वाऱ्याने हलावा. मी डाळिंबे काढली. एका पंखात मिटलेले फळ आणि कळी, दुसऱ्यात उकललेले फळ आणि त्यातले दाणे. दोन्हींना रंग सारखाच. खोटे कशाला सांगू, तोपर्यंत माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले काम होते, आणि ते वाऱ्यावर सोडले जाणार हे रंगवताना सतत जाणवत होते. परंतु ज्या कामासाठी तो मागितला होता, त्यासाठीच त्याने जावे, असेच मला वाटत होते.

जागेचा प्रश्न अशोकरावांनी मनावर घेतला. सुरुवातीला थट्टा करणारा हा माणूस कारखान्यातून सुटल्यावर स्कूटरवरून मैदाने पाहत फिरू लागला. मैदानांभोवती वस्ती, टेकड्यांवर गुराखी, शेतांत माणसे. एके दिवशी त्यांचा फोन आला.

“मॅडम, सापडली जागा. गंगापूर धरण. पलीकडच्या पश्चिम काठावर उभं राहायचं. आता दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो. दोरा कापला, की पतंग सरळ पाण्यावर. मधोमध पडणार. पाण्यातून कोण लुटणार?”

गुढीपाडव्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चौघे तेथे गेलो. सलीमभाई आपली आसारी घेऊन आले होते. आसारी म्हणजे आमच्या जिल्ह्यात दोरा गुंडाळायला वापरतात ती लाकडी चक्री. पाणी बरेच मागे हटले होते आणि काठाच्या भेगाळलेल्या गाळावर उतरत्या उन्हाची झळ होती. मंदाताईंनी रुमाल बांधला नव्हता. पर्समध्ये शिवणकामाची लहान कात्री होती.

अशोकरावांनी पतंग दोन्ही हातांनी धरून लांब नेला आणि सलीमभाई ओरडले, “हां, सोडा!” लठ्ठ पाकोळी एकदा डुलली, पंख सावरले आणि चढू लागली. उन्हातून ती वर गेली, तेव्हा आमच्या पाठीमागचे ऊन थेट तिच्यावर पडून डाळिंबाचे दाणे अक्षरशः लाल पेटले. मी हे चित्र टेबलावर वाकून काढले होते. ते असे दिसेल हे मलाही माहीत नव्हते. आसारी मंदाताईंच्या हातात आली.

थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ जाळे पसरून त्याची छिद्रे सांधत बसले होते. ते डोळ्यांवर हात धरून वर पाहत जवळ आले.

“लय भारी पाखरू हाय की! कितीला घेतलं?”

“विकत नाही घेतलं, बाबा,” मंदाताई म्हणाल्या. “सोडून द्यायचंय.”

“सोडून? कुठं?”

“या पाण्यात.”

“पाण्यात कशाला रं सोडता? पार भिजून जाईल ना. आन् वाहत आलं तं आमच्याच जाळ्यात यील. मंग मी काय परत टाकणार हाय व्हय? नातीला नेऊन दीन.”

अशोकरावांनी माझ्याकडे पाहिले. मी गाळाकडे पाहिले. मधोमध पडणारा पतंग मधोमध राहत नाही, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. तेवढ्यात सलीमभाईंना आणखी एक गोष्ट सुचली.

“आणि अशोकभाऊ, हे पाणी तर आपल्या नळाला येतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुखणं या पाण्यात सोडलं, तर उद्या सकाळी अख्खं नाशिक पिणार.”

सर्वांत आधी मंदाताईच हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या, की आसारी हातातून निसटते की काय, असे वाटले. अशोकराव कपाळावर हात मारून म्हणाले, “एवढी जागा शोधली मी, आणि ती पाणीपुरवठ्याची निघाली!” म्हातारेबाबांना काहीच कळले नव्हते, पण तेही हसत होते.

हसू ओसरल्यावर मंदाताईंनी पर्समधून कात्री काढली. दोरा ताणलेला होता. त्यांच्या मनगटाला त्याची ओढ बसत होती. कात्रीची पाती त्यांनी दोऱ्याजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. वारा चांगला होता. मी काही बोलावे, असे मला फार वाटत होते आणि नेहमीप्रमाणे शब्द घशात होते.

अशोकराव हलक्या आवाजात त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, “सोडी दे ना आते.”

“नही सोडस,” मंदाताई म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही एवढं शोधून सांगितलंत.”

“नाही, नाही,” मी म्हटले.

“दुखणं माझ्या अंगात होतं. ते डॉक्टरांनी काढलं. या पाखरात ते कधी आलं? मी घातलं तरच येणार ना? आणि मी घालायला निघाले होते. या डाळिंबांत!” त्यांनी वर पाहिले. “केस नेले, अंगातली ताकद नेली, वर्ष नेलं. न विचारता नेलं सगळं. आता माझ्या हातानं अजून एक चांगली वस्तू त्याला द्यायची? का म्हणून?”

“पण भीती?” अशोकरावांनी विचारले. त्या दिवशी वाचनालयात ते गप्प राहिले होते. आज विचारते झाले.

“ती आहे. राहू दे. रात्री पाठ दुखली, की तुम्हाला उठवीन.”

“उठव.”

“घोरत असलात तरी उठवीन.”

“उठव म्हटलं ना.”

कात्री पर्समध्ये गेली. मला त्या क्षणी काय वाटले, ते मी अनेकदा तपासून पाहिले आहे. माझे चित्र वाचले, हा आनंद त्यात होता, हे मी नाकारत नाही. परंतु त्याहून मोठा आनंद वेगळ्याच गोष्टीचा होता. शतकानुशतकांची एक सुंदर प्रथा मी आदराने मंदाताईंच्या हाती दिली होती, त्यांनी ती तितक्याच आदराने हाताळून पाहिली आणि आपल्याला हवी तशी बदलून घेतली. इतिहास शिकवताना माझा आवाज फुटत नसे. तोच इतिहास या रीतीनेही कुणापर्यंत पोचतो, हे कळायला मला साठीजवळ यावे लागले. उशीर झाला खरा. पण त्याबद्दल आता माझी तक्रार नाही.

सूर्य त्र्यंबकच्या डोंगरांकडे कलला होता. म्हातारेबाबा जाळ्याकडे परतले होते आणि तेथूनच अधूनमधून “वर, वर!” असे ओरडत होते. सलीमभाई गाळात मांडी घालून बसले आणि त्यांनी खिशातून तिळाच्या वड्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

“मग गुंडाळू का आता?” अशोकरावांनी आसारीला हात घातला.

“गुंडाळताय काय?” मंदाताई म्हणाल्या. “ आत्ता कुठं वर गेलंय. ढील द्या.”

ते ढील देत गेले. पाकोळी लहान होत होत डाळिंबाच्या एका दाण्याएवढी झाली, तरी मंदाताईंची मान खाली येईना. अखेर आसारीचे उघडे लाकूड दिसू लागले.

“संपला दोरा,” अशोकराव म्हणाले.

“मग पुढच्या वेळी जास्त आणा की.”